काढून टाकलेली माणसं

"हलू नका," एवढं म्हणून फोटोवाले भाऊ एका बोटानं समोरच्याची हनुवटी किंचित वर करत. मग दोन पावलं मागे सरकत आणि एक डोळा मिटून घेत. त्या मिटलेल्या डोळ्यानं ते काय पाहत कोण जाणे, पण उघड्या डोळ्यापेक्षा त्याच्यावरच त्यांचा भरवसा जास्त असावा असं मला नेहमी वाटे.

खामगावात आमच्या वयाच्या जवळजवळ प्रत्येकाची हनुवटी त्या बोटानं वर झालेली आहे. दहावीच्या अर्जाचा फोटो, नोकरीच्या अर्जाचा फोटो, मुलीकडच्यांना किंवा मुलाकडच्यांना पाठवायचा फोटो. पुढे स्टुडिओ बंद झाला तरी त्यांचे ते दोन शब्द काही सुटले नाहीत. भाजीवालीनं तराजू उचलला की "हलू नका". दाराशी येणाऱ्या बकरीलाही ते "हलू नको बे" म्हणत आणि ती खरंच थांबत असे. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, यावर म्हणायच्या, "बकरीचे फोटो हायेत घरात, माहा एक नाही. मी हलतो म्हणे."

मी इथल्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. त्यांचा स्टुडिओ वाचनालयासमोर होता आणि आमची घरं एकाच गल्लीत. सगळे त्यांना भाऊ म्हणत, मीही म्हणे. ते मला ताई म्हणत. वाचायला फारसे येत नसत, पण पुस्तकांची मुखपृष्ठं पाहायला येत. एखादं हातात घेऊन म्हणत, "ताई, या बाईचा उजेड डावीकडून पडून राह्यला अन् सावली बी डावीकडंच. चित्र काढणाऱ्यानं बाई पाह्यली नाही." आणि पुस्तक परत जागेवर ठेवत. आत काय लिहिलं आहे हे त्यांनी कधी विचारलं नाही.

हनुवटी वर करणं हे त्यांचं खरं काम नव्हतं. ते काम आतल्या खोलीत चाले. जुन्या फोटोतल्या गर्दीतून ते माणूस बाहेर काढत. एकदा पिंपळगाव राजा या गावचा एक म्हातारा लग्नाचा सामूहिक फोटो घेऊन आला होता. शेवटच्या ओळीत त्याची आई उभी होती आणि तिचा अर्धा चेहरा कुणाच्या तरी फेट्याआड गेला होता. तिचा दुसरा फोटो नव्हता. मी तेव्हा वीजबिल भरून परत येताना स्टुडिओत टेकले होते.

"नाव काय माउलीचं?" भाऊंनी विचारलं.

"नाव कायले पायजे? फोटो हाये नं."

"नावाशिवाय चेहरा येत नाही, बाबा. सांगा."

म्हाताऱ्यानं नाव सांगितलं. सांगताना तो जरा लाजला, कारण आईचं नाव त्यानं तोंडानं कधी उच्चारलं नसावं. मग भाऊंनी विचारलं, ती रागीट होती का, पान खायची का, हसताना तोंडावर पदर घ्यायची का. पुष्कळ दिवसांनी म्हातारा चौकट न्यायला आला आणि बराच वेळ नुसता काचेकडे पाहत राहिला. शेवटी म्हणाला, "कान असाच होता. तो तं फोटोत नव्हता, तुमाले कसा दिसला?" भाऊंनी डोळा मिटून दाखवला आणि चौकट वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतली.

माणूस काढण्याचा दुसरा अर्थही त्यांच्याकडे होता. नवऱ्यानं टाकलेल्या मुली, नाहीतर त्यांच्या आया, लग्नाचा फोटो घेऊन येत आणि हळू आवाजात म्हणत, "यातून तेवढं त्याले काढा." वरवट बकाल गावच्या एका मुलीच्या फोटोतून त्यांनी नवरा पूर्ण काढला, त्या जागी पडदा भरला. तिच्या खांद्यावर राहिलेल्या हाताची त्यांनी पदराची घडी केली. ती घडी मी पाहिली आहे. तिथं कधी हात होता यावर कुणाचा विश्वास बसला नसता. काम झालं की ते कुंचला पुसत आणि म्हणत, "सुटली बिचारी." त्यांना ते मनापासून वाटे. चित्रातून काढून टाकणं ही त्यांच्या हातून होणारी सगळ्यात मोठी दया होती. तुम्हीही असे कारागीर पाहिले असतील. आपल्या हत्याराला जे जमतं तेच जगाचं औषध, असं त्यांना वाटत असतं.

मोबाइल आले आणि स्टुडिओ बसला. त्यात नवल काही नव्हतं, भाऊंनाही वाटलं नाही. काही वर्षं ते घरीच होते. मग त्यांच्या पुतण्यानं एका जुन्या तेलगिरणीच्या गोदामावरची खोली घेतली, तिथं संगणक मांडले आणि कसल्याशा परदेशी कामाचं सेंटर उघडलं. तो काकांना म्हणाला, "तुमचा डोळा घरी बसून हाये, तो मले द्या."

काम असं होतं. पडद्यावर फार उंचावरून घेतलेलं चित्र येई. हलतं चित्र, पण मुकं. मातकट जमीन, सपाट छतांची घरं, रस्ते. त्यातलं जे जे माणूस असेल त्याच्याभोवती पिवळा चौकोन काढायचा, गाडीभोवती निळा, जनावराभोवती हिरवा. असे चौकोन काढून काढून एका यंत्राला माणूस ओळखायला शिकवायचं. गाव कोणतं, देश कोणता, काही लिहिलेलं नसे. पुतण्यानं सांगितलं होतं, परदेशातल्या रहदारीसाठी आहे.

भाऊ खूश होते. वाचनालयाच्या पायरीवर बसून मला सांगत, "पुन्हा गर्दीतून माणसं काढून राह्यलो, ताई. लई वर्षांनी." वरून पाहिलं की माणूस म्हणजे नुसतं डोकं आणि सावली, हे त्यांनीच मला समजावलं. इतर मुलं सावलीलाच माणूस समजत, किंवा दोघांना एक. भाऊंचं तसं होत नसे. "सावलीले कंबरेपाशी फुगा दिसला तं कडेवर लेकरू हाये. मंग तिथं एक चौकोन नाही, दोन." सेंटरवर त्यांच्या कामाची वाखाणणी होई. वरून, म्हणजे जिथून काम येई तिथून, एकदा शाबासकीही आली होती. पुतण्यानं त्या दिवशी पेढे वाटले.

सवयीप्रमाणे त्यांनी त्या माणसांना नावंही दिली. यंत्राला फक्त आकडा हवा असे, यांना नावाशिवाय चेहरा येत नसे, आणि इथं तर चेहराही नव्हता. एक घर त्यांच्याकडे वारंवार येई. त्याच्या छतावर एक बाई सकाळी काहीतरी वाळत घाली आणि एक म्हातारा काठी घेऊन पाखरं हाकलत बसे. बाई म्हणजे सुमन, म्हातारा म्हणजे आबा. "तिकडं बी वाळवण घालतात, ताई," हे त्यांनी मला अशा आनंदानं सांगितलं की जणू त्या देशाशी आपलं नातं निघालं.

याचा त्रास घरी झाला. एके दिवशी वहिनी तणतणत वाचनालयात आल्या.

"ताई, तुमी शिकलेल्या हा. यायले विचारा, कोण हाये थे सुमन?"

"कोण सुमन?"

"जेवताना सुमन, झोपताना सुमन. आज सुमन लवकर उठली म्हणे. आज सुमनच्या पायाले काहीतरी लागलं म्हणे, लंगडून राह्यली. मी महिनाभर गुडघा धरून फिरून राह्यली, थे नाही दिसलं!"

भाऊ मागोमाग आलेच होते. दारात उभे राहून हसत म्हणाले, "अवं, थे छतावर राह्यते."

"कोणत्या छतावर? नाव सांगा गल्लीचं!"

वाचनालयातले दोन-तीन वाचक पेपर तोंडासमोर धरून हसत होते. मीही हसले. मग मी भाऊंना सहज विचारलं, "पण भाऊ, रहदारीचं काम असेल तर छतावरच्या बाईला चौकोन कशाला?" ते क्षणभर थांबले. म्हणाले, "मोठ्या देशायच्या गोष्टी. जात असतीन तिकडं छतावरून." पुन्हा सगळे हसले आणि तो प्रश्न तिथंच राहिला.

आमच्या वाचनालयाच्या सभागृहात महिन्यातून एकदा चित्रपट दाखवतात. त्या महिन्यात एक परदेशी चित्रपट होता. एका थंड देशात, खिडकी नसलेल्या खोलीत एक अधिकारी बाई बसली आहे. हजारो मैलांवरच्या एका गावावर विमान घिरट्या घालतं आहे, त्यात माणूस नाही. विमानाला दिसतं ते बाईला पडद्यावर दिसतं. एका माणसाला मारायचं आहे. मारायचा की नाही, कधी, कुणाच्या हुकुमानं, यावर चढती ओढाताण. बांधणी अशी की पाहणारा खुर्चीच्या कडेवर येऊन बसतो. चिवडा खाणाऱ्यांचे हात पुडीतच थांबले होते.

भाऊ मागे खांबाजवळ बसले होते. मध्यंतराच्या थोडं आधी चित्रपटातल्या पडद्यावर तो माणूस अंगण ओलांडताना दिसला आणि यंत्रानं त्याच्याभोवती पिवळा चौकोन काढला. माणूस चालू लागला तसा चौकोनही चालू लागला. मग सगळं पांढरं झालं. पांढरं ओसरलं तेव्हा अंगण नव्हतं.

भाऊ उभे राहिले होते. मोठ्यानं म्हणाले, "हा चौकोन माहा हाये."

"बसा नं खाली, दिसून नाही राह्यलं!" मागून कुणीतरी ओरडलं.

"माहा हाये हा. असाच असते. पिवळा."

"तुमचा हाये तं घरी घेऊन जा!" दुसरा म्हणाला आणि सभागृहात हशा पिकला. दिवे लागेपर्यंत भाऊ निघून गेले होते. चित्रपटानंतर चर्चा झाली. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी छायाचित्रण उत्तम असल्याचं सांगितलं. आभार मानले गेले.

दुसऱ्या दिवशी ते सेंटरवर गेले आणि पुतण्यासमोर उभे राहिले. हे मला नंतर पुतण्यानंच सांगितलं, विनोद म्हणून.

"हे कायचं काम हाये, खरं सांग."

"रहदारीचं, काका."

"मी काल पाह्यलं. चौकोन काढला की मारते."

"काका, सिनेमा होता तो. सिनेमात हिरो चौथ्या मजल्यावरून उडी मारते अन् कपडे झटकून चालाले लागते. तुमी मारता का उडी?"

"तू विचार नं वर."

"कोणाले विचारू? आमाले एका कंपनीनं काम दिलं, तिले तिच्या वरच्या कंपनीनं. तिच्यावर कोण हाये हे मले बी मालूम नाही अन् तिले बी नसन. माहिती गुप्त ठेवायच्या कागदावर सह्या हायेत सगळ्यायच्या, विचारायचं नाही म्हणून."

तो खोटं बोलत नव्हता. हे मी त्याची बाजू घेऊन म्हणत नाही. एकावर एक अशी माणसं रचली की सगळ्यात वरचं कोण हे कुणालाच दिसू नये, अशीच ती रचना असते, आणि तिच्यात खोटं बोलण्याची गरज कुणालाच पडत नाही.

त्यानंतर काही आठवडे भाऊ वाचनालयाकडे फिरकले नाहीत. सेंटरवर मात्र रोज जात. मग एका दुपारी आले, चेहरा उजळलेला. बाहेर ऊन रणरणत होतं, आत कूलरचा आवाज होता, वाचक कुणी नव्हते. ते माझ्या टेबलासमोर बसले आणि हळूच म्हणाले, "ताई, काढून टाकलं."

"काय?"

"सुमनले. आबाले बी. चौकोनच नाही काढत आता. छतावर कोणी नाही. रस्त्यावर कोणी नाही. साऱ्या गावातून माणसं पुसून टाकले मी." त्यांनी टेबलावरून बोट असं फिरवलं, जसा ते कुंचला फिरवत. "यंत्राले आता कोणी दिसत नाही. सुटले बिचारे."

 ते माझ्याकडे पाहत होते. माणसाच्या चेहऱ्यावरची रेष हलली तरी त्यांना समजे.

"काय झालं, ताई?"

"भाऊ, तुम्ही चित्रपट अर्ध्यातून उठून गेला होता."

"हाव. कायले पाहू पुढचं?"

"पुढं वेगळं आहे."

"काय हाये पुढं?"

मी सांगितलं नाही. सांगता आलंही नसतं. त्यांनी हट्टच धरला तेव्हा कार्यालयातल्या संगणकावर मी तो चित्रपट लावला आणि आम्ही दोघं स्टुलांवर बसून उरलेला भाग पाहिला.

उत्तरार्धात अधिकारी बाई बदललेली असते. पहिल्या हल्ल्यात नको ती माणसं मेली म्हणून ती आता काळजी घेते. दुसऱ्या एका घरावर हल्ला करायचा आहे, तिथं शस्त्रं आहेत. ती म्हणते, घरात कुणी नसेल तेव्हाच. सगळे वाट पाहतात. यंत्र घर तपासतं. पिवळा चौकोन एकही नाही. बाई पुन्हा विचारते, नक्की कुणी नाही? नक्की. खोलीतल्या सगळ्यांना हायसं वाटतं, एक जण पाणी पितो. मग पडदा पांढरा होतो. धूळ बसते आणि अंगणातल्या चटईच्या आडोशातून, जिथं यंत्राला कुणी दिसलं नव्हतं, तिथून कुणीतरी सरपटत बाहेर येतं. थोडंसं येतं आणि थांबतं. बाई गाडी चालवत घरी जाते. चित्रपट संपतो.

भाऊंनी स्टूल माझ्याकडे वळवलं. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे चौकोन होता म्हणून पहिला मारला."

"हो."

"अन् चौकोन नव्हता म्हणून दुसरा."

"हो."

"मंग माणसानं करावं काय?"

माझ्या कपाटांमध्ये इतकी पुस्तकं आहेत. मी म्हणाले, "भाऊ, हे काम सोडा."

"सोडीन. आत्ता सोडीन. पण सुमन छतावर हाये अन् तिच्यावर चौकोन नाही. तिले परत कोण टाकील?"

त्यांना धीर द्यायचा म्हणून मी जे वाचलं होतं ते सांगितलं. ही चित्रं आजची नसतात, जुनी असतात. त्यांच्यावरून यंत्र फक्त शिकतं. त्या छतावरच्या त्या एका बाईचा तुमच्या चौकोनाशी थेट काही संबंध नाही. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे यंत्राले मी असं शिकोलं, का छतावर वाळवण घालते थे बाई नसते."

मी संगणक बंद केला.

"मंग हे एका सुमनचं नाही राह्यलं, ताई. हे साऱ्या सुमनायचं झालं."

त्यांनी काम सोडलं नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं की म्हातारा पैशासाठी चिकटून बसला आहे, आणि काही जण तसं बोललेही. ते एकाच गोष्टीची वाट पाहत होते. ते घर पुन्हा पडद्यावर यायला हवं होतं, म्हणजे सुमनला आणि आबाला परत जागेवर ठेवता आलं असतं. ते आता आधीपेक्षाही बारकाईनं चौकोन काढत. झाडाच्या सावलीतलं माणूस, गाडीच्या टपावरचं माणूस, दारातून अर्धं बाहेर आलेलं माणूस. संध्याकाळी परतताना वाचनालयाच्या दाराशी थांबत आणि मान नकारार्थी हलवत. आज नाही आलं. मी आतूनच मान हलवत असे. पुढे पुढे ते थांबतही नसत. चालता चालताच मान हलवत.

ते घर आलं नाही. का आलं नाही याची पुष्कळ साधी कारणं असू शकतील. वाळवणाचा हंगाम संपला असेल. काम देणाऱ्यांनी दुसरा भाग दिला असेल. मी भाऊंना ही सगळी कारणं सांगितली. ते म्हणत, "असन." या एका शब्दात माणूस किती नाही म्हणू शकतो हे मी त्यांच्याकडून ऐकलं.

दिवाळीनंतर त्यांना सेंटरवरून कमी केलं. त्या काही आठवड्यांचं त्यांचं काम वर कुठंतरी तपासलं गेलं होतं. पुतण्यानं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "काका, तुमच्या कामात माणसंच नाहीत. वरून विचारलं, हा आदमी आंधळा हाये का?"

"मी मुद्दाम केलं ते," भाऊ म्हणाले. "मले परत आणून दे थे चित्र, मी दुरुस्त करून देतो. फुकट करतो."

"गेलं थे, काका. एकदा वर गेलं की परत येत नसते. अन् मुद्दाम-गिद्दाम कोठी बोलू नका, सेंटर बंद पडीन. तुमचे डोळे थकले, असं कळवलं मी."

असं सगळं मिटलं. त्यांनी जे केलं ते कुणी गुन्हा म्हणूनही घेतलं नाही आणि दया म्हणूनही नाही. नोंद झाली ती थकलेल्या डोळ्यांची. पुतण्या मनानं वाईट नाही, तो त्यांना डोळ्यांच्या शिबिरात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, या वयात इतकी चांगली नजर आम्ही क्वचित पाहतो. पुतण्या म्हणाला, "काका, पाहा, फुकटात तपासून झालं." भाऊ हसले नाहीत.

नंतर ते बोलत कमी. एकदा वहिनींनी मला गल्लीतच अडवलं. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. "तुमच्या त्या सिनेमानं खाल्लं यायले, ताई. आंधी सुमन तरी होती घरात, बोलत तरी होते. आता काहीच नाही. मले तिचा राग येत होता, आता मी विचारतो, काय करते हो तुमची सुमन? तं म्हणतात, मले नाही माहीत." वहिनींच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते सवतीसाठी होतं, जी कुठल्या देशात आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

जिनिंगवर कापसाच्या गाड्या लागल्या होत्या, हवेत तंतू उडत होते, अशा एका सकाळी भाऊ गेले. अंगणात खुर्चीवर बसले होते. वहिनींनी चहासाठी हाक मारली, पुन्हा मारली. डॉक्टर हृदय म्हणाले. दुपारपर्यंत गावाच्या सगळ्या ग्रुपवर फुलांची चित्रं आली. ज्येष्ठ छायाचित्रकार हरपले. कलेचा डोळा मिटला. स्मशानात लाकडं रचली जात असताना एक जण दुसऱ्याला सांगत होता, "आठवते का, सिनेमात उठून उभे राह्यले होते? चौकोन माहा हाये म्हणे!" दुसरा हसला, मग कुठं आहोत हे लक्षात येऊन त्यानं तोंड पुसलं. मी जवळच उभी होते. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "बिचारे साधे होते, नाही का, मॅडम?" मी मान हलवली. साधे नव्हते हे त्याला त्या वेळी कसं सांगणार होते?

तेरावं झाल्यावर वहिनी म्हणाल्या की भाऊंचा डबा सेंटरवरच राहिला आहे, पुतण्याला सांगितलं तर तो विसरतो. मी आणायला गेले. गोदामाच्या बाजूनं लोखंडी जिना आहे. वर खोली आधीपेक्षा मोठी केली होती, मधली भिंत पाडून. मुलं-मुली ओळीनं बसलेली. काम वाढलं आहे, पुतण्या आनंदानं म्हणाला, आणि डबा शोधायला आत गेला.

मी एका खुर्चीमागे उभी राहिले. तिथली मुलगी नवीन असावी, अठरा-एकोणीस वर्षांची, ओढणी कानामागे खोचलेली. तिच्या पडद्यावर एक उजाड रस्ता होता आणि कडेला काहीतरी गडद. तिनं मागे वळून पाहिलं. चष्मा आणि खांद्यावरची पर्स पाहून तिनं मला कुणी तपासायला आलेली बाई समजलं.

"मॅडम, सांगा नं, हे माणूस हाये का नुसती सावली?"

मी वाकून पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ते गडद जे काही होतं ते हलत नव्हतं. माणूस म्हणावं, तर यंत्राला तो सापडेल. सावली म्हणावं, तर तिथं कुणी नाही असं ठरेल. मी त्या मुलीच्या खांद्याशी वाकून उभी होते आणि तोंड उघडत नव्हतं.

"मॅडम?"

"थांब," मी म्हणाले. "जरा थांब."

"थांबता नाही येत, मॅडम, टाइम राह्यते याले." तिनं पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे वळली आणि काहीच न काढता पुढचं चित्र आणलं.